ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) सिस्टरला विचारा: अर्धा कप चहा, बधिर पाय आणि तीन पाटील

बाबांनी सकाळी फक्त अर्धा कप चहा घेतला तर हर्नियाचं ऑपरेशन दुपारवर ढकललं. एवढ्याशा चहाने काय होतं? (रावेर)

दुधाचा होता ना? मग पोटाच्या हिशेबाने ते खाणंच. भूल दिली की घशाची राखण सुटते, पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं की जिवावर बेतू शकतं. म्हणून दूध आणि हलकं खाणं ६ तास आधी बंद, तेलकट म्हणजे आपली शेवभाजी वगैरे ८ तास, साधं पाणी बहुतेकांना २ तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच धरा. बाबांनी खरं सांगितलं हे बेस केलं. आमच्याकडे एक आबा 'काहीच नाही खाल्लं माय' म्हणाले आणि उशीखाली केळाची साल निघाली, तेही रावेरकडचेच, रागावू नका.

बाहेर मे महिन्याचं ४४ डिग्री ऊन आणि आई ओटीतून कुडकुडत आली. एसी बंद का करत नाही? (भुसावळ)

एसीचा हात आहेच, पण सगळा दोष त्याचा नाही. भूल किंवा मणक्यातलं इंजेक्शन दिलं की रक्तवाहिन्या सैल पडतात, आतली ऊब हातापायांकडे पळते आणि पहिल्या तासाभरातच अंग डिग्रीभर उतरू शकतं. ३६ डिग्री सेल्सिअसच्या खाली गेलं तर रक्तस्राव वाढतो, जखमेत इन्फेक्शनची भीती. म्हणून लागतं तेवढंच अंग उघडं ठेवतो, बाकी झाकून, जमेल तिथे गरम हवेचं ब्लँकेट, सलाईन कोमट. एक विनंती, वॉर्डात आल्यावर मायेपोटी गरम पाण्याची बाटली पायाशी लावू नका, पाय बधिर असतो, चटका कळतच नाही, सकाळी चांगला टरारून फोड आलेला मी पाहिलाय.

पोटात कापूस राहिल्याच्या बातम्या येतात. खरंच मोजता का तुम्ही? (शिरपूर)

मोजतो, दोघी जणी, मोठ्याने. चिरा देण्याआधी, पोट बंद करण्याआधी, परत कातडी शिवताना. मॉप, म्हणजे पोटातलं रक्त टिपायचे कापडी पॅड, पाच-पाचचे, आकडा फळ्यावर. रक्तात भिजलेला मॉप आतड्यांत दडला की डोळ्याला दिसत नाही, म्हणून त्यात एक्स-रेत दिसणारी पट्टी असते. एकदा एक कमी भरला. सर म्हणे तुझंच चुकलं असेल, मी म्हटलं सर, टाका घालू नका. बादली उपसली, टेबलाखाली पाहिलं, शेवटी ड्रेपच्या, म्हणजे पेशंटवर पांघरतो त्या कापडाच्या, घडीत चिकटलेला निघाला. पंधरा मिनिटं गेली, सरांचं तोंड फुगलेलं ते संध्याकाळपर्यंत. फुगू दे.

नाव काय, कोणता गुडघा, चार जणांनी विचारलं. फाइल वाचत नाहीत का? (नंदुरबार)

वाचतात हो. पण लिस्टवर एकाच दिवशी तीन पाटील असतात, त्यातले दोघे गुडघेवाले! डब्ल्यूएचओने २००८ मध्ये यासाठी चेकलिस्टच काढली, भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि ओटी सोडण्याआधी. नुसतं 'हो' म्हणू नका, नाव आणि बाजू स्वतःच्या तोंडाने सांगा.

जिजीच्या पाटल्या निघत नाहीत, कापाव्या लागतील का? (धरणगाव)

आधी साबणाचं पाणी लावून बघा. हात सुजला तर पाटली रुतते, कॉटरीच्या (रक्त थांबवायला डाग देणाऱ्या विजेच्या यंत्राच्या) करंटने धातूपाशी भाजायचीही भीती. नाहीच निघाल्या तर आदल्या दिवशी वॉर्डातच सांगा, टेबलावर घेतल्यावर नको. नेलपॉलिशही काढा, बोटाला लावतो ते ऑक्सिजनचं मशीन त्याने चुकू शकतं. आणि सोनं घरच्यांकडे मोजून द्या, माझ्या खिशात नको बाई.