पीएचडीसाठी प्रयोगशाळा निवडताना

संस्थेच्या नावाआधी तिथे कोणत्या जीवावर काम चालतं ते पाहा, कारण तुमचा वेळ त्यावर ठरतो. यीस्टची पेशी चांगल्या पोषक माध्यमात सुमारे ९० मिनिटांत दुप्पट होते. फळमाशीची पिढी २५ अंश सेल्सियसला साधारण १० दिवसांची. उंदराची मात्र अडीच-तीन महिन्यांची. वेगवेगळ्या गुणसूत्रांवरची दोन जनुकं पूर्ण निष्क्रिय असलेला उंदीर हवा असेल, तर दोन्ही बदलांचे वाहक असलेल्या (म्हणजे प्रत्येक जनुकाची एकच प्रत निष्क्रिय असलेल्या) जोडीच्या १६ पिल्लांमागे सरासरी १ मिळतो. नुसत्या संकरांत वर्ष सरतं. म्हणून हवे ते वंश प्रयोगशाळेत तयार आहेत का, हे मुलाखतीतच विचारा. हा प्रश्न अजिबात उद्धट नाही.

संकेतस्थळावरचा ‘संशोधनाचा विषय’ बरेचदा जुना असतो. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख शास्त्रज्ञाचं नाव लेखकांच्या यादीत शेवटी असलेले गेल्या ३-४ वर्षांतले शोधनिबंध काढा आणि पद्धतींचा भाग आधी वाचा. रोज हाताने काय करावं लागेल ते तिथेच कळतं. मग ईमेल लिहा: एक निबंध, त्यातल्या एका आकृतीबद्दल एक नेमका प्रश्न, तुम्हाला येणारी तंत्रं. ‘मला रेण्वीय जीवशास्त्राची आवड आहे’ एवढंच लिहिलेल्या, पन्नास जणांना एकदम धाडलेल्या ईमेलला उत्तर येत नाही.

 

आणि त्या प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांशी एकेकटं गाठून बोला.