बाळ सांभाळणे रक्तातच असावे लागते का?

प्रिय मैत्रिणी,

बाळ नऊ महिन्यांचे झाले, तुमची नोकरी पुन्हा सुरू झाली, तरी रात्री ते रडले की उठायचे तुम्हीच. आणि यजमान म्हणतात, ‘बायकांच्या शरीरातच ते असते, पुरुष त्यासाठी घडलेलाच नाही, हे विज्ञान आहे.’ हे खरे का, असे तुम्ही विचारले आहे.

त्यांचे म्हणणे निखालस खोटे नाही. गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावर पाजणे तुमच्याच शरीराने निभावले. परंतु बापाचे शरीर या साऱ्यापासून अलिप्त राहते, ही समजूत चुकीची आहे. फिलिपिन्समधील सेबू येथे ६२४ तरुणांच्या लाळेतील टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) २००५ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये मोजले गेले. दरम्यान ज्यांनी संसार थाटला आणि जे बाप झाले, त्यांची सकाळची पातळी साधारण २६ टक्क्यांनी उतरली होती. रोज तीन तास किंवा अधिक वेळ मुलांना सांभाळणाऱ्या बापांमध्ये तर ती, मुलांकडे न पाहणाऱ्या बापांपेक्षा कमी आढळली. मुळातच कमी पातळीचे पुरुष बाप होतात, असेही नव्हते. उलट, आधी जास्त पातळी असलेलेच पुढे बाप होण्याचे प्रमाण अधिक होते. म्हणजे यजमान ज्या शरीराचा दाखला देतात, त्यातील संप्रेरके माणसाच्या जगण्याप्रमाणे स्वतःच बदलत असतात.

आणि तुम्हाला तरी हे सारे उपजत कुठे येत होते? पहिल्या आठवड्यात बाळाची मान सावरताना हात थरथरत होते, आणि पाय पसरून बाळाला पायांवर पालथे घालून आंघोळ कशी घालायची हे मालिशवाल्या मावशींनी चार वेळा दाखवले, असे तुम्हीच लिहिले आहे. यजमानांना मात्र बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावरूनच परत पाठवले गेले. आधी शिकू द्यायचे नाही आणि मग न येण्याला निसर्ग म्हणायचे, हे मला फार खुपते.

तेव्हा संप्रेरकांवरून वाद घालू नका. शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री त्यांच्याकडे सोपवा, दूध काढून ठेवा आणि दुसऱ्या खोलीत झोपा. दुपटे वाकडेतिकडे गुंडाळले गेले तरी दारातून सूचना करू नका. सुरुवातीला बाळ जास्त वेळ रडेल, तुम्हाला पान्हा फुटेल, उठून जावेसे वाटेल. तरी त्यांनी हाक मारेपर्यंत थांबा. महिनाभराने, भुकेचे रडणे कोणते आणि झोपेचे कोणते, हे ते तुम्हाला न विचारता ओळखू लागले का, एवढे मला अवश्य कळवा.

तुमची,
ताई