एम.टेक. प्रोजेक्टसाठी यूटीएमचा स्पीड वाढवून अ‍ॅल्युमिनियमची हाय स्ट्रेन रेट टेस्ट होईल का, की हॉपकिन्सन बार लागतोच?

यूटीएमवर, म्हणजे नमुना ताणून-चेपून बघायच्या नेहमीच्या मशीनवर, नाही जमणार. क्रॉसहेड (मशीनचा सरकणारा भाग) मिनिटाला 500 मिमीने पळवलात तरी 10 मिमी उंचीच्या नमुन्यावर स्ट्रेन रेट, म्हणजे मूळ लांबीच्या प्रमाणात आकार बदलण्याचा वेग, सेकंदाला एकच्या आतच राहतो. तुम्हाला हजाराच्या आसपास हवा असणार. सर्वो-हायड्रॉलिक मशीन बरंच वर जातं, पण मग जोर मोजणारा लोड सेलच थरथरू लागतो आणि आलेखात नमुना कुठला नि मशीन कुठलं ते कळत नाही. तेव्हा हॉपकिन्सन बारच. बर्ट्रम हॉपकिन्सननी 1914 मध्ये दांड्यातून जाणाऱ्या धक्क्यावरून दाब मोजला, 1949 मध्ये कोल्स्कीनी दोन दांड्यांच्या मध्ये नमुना ठेवला. आजही मांडणी तीच.

पण बार मिळाला म्हणजे डेटा मिळाला असं होत नाही, आणि मी लिहायला बसलोय ते त्यासाठीच.

माझंही एम.टेक. झालं, बडोद्यात, 6061 या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूवर. कॉलेजचं नाव घेत नाही, ते सर अजून दांडिया बाजारात भेटतात. आमचा स्ट्रायकर, म्हणजे पहिल्या दांड्यावर येऊन आदळणारा छोटा दांडा, 300 मिमीचा. पोलादात लाट सेकंदाला साधारण 5000 मीटर धावते, स्ट्रायकरमध्ये जाऊन-येऊन 600 मिमी, म्हणजे पल्स (धक्क्याची लाट) 120 मायक्रोसेकंदांची, आणि त्यातच सगळी परीक्षा. नमुन्यावरून परत फिरणाऱ्या रिफ्लेक्टेड लाटेवरून स्ट्रेन रेट, पलीकडच्या दांड्यात जाणाऱ्या ट्रान्समिटेड लाटेवरून स्ट्रेस (क्षेत्रफळामागचा जोर), हे तुम्हाला माहीत असेलच. आमच्या आलेखाला सुरुवातीलाच एक टोकदार शिखर यायचं. सर खूश! म्हणाले, "हीच डायनॅमिक यील्ड स्ट्रेंग्थ. किती वाढली बघ. पेपर झाला."

यील्ड स्ट्रेंग्थ म्हणजे ज्या स्ट्रेसला धातूचा आकार कायमचा बदलू लागतो तो. मला ते पटेना. स्ट्रायकर थेट दांड्यावर आदळला की पल्स एकदम उभी चढते, तिच्यात वरच्या फ्रिक्वेन्सीचा भरणा असतो आणि दांड्यातून जाताना त्या मागेपुढे होऊन लाट थरथरते. शिवाय त्या क्षणी नमुन्याच्या दोन्ही टोकांवर सारखा जोर आलेलाच नसतो. तो यायला लाटेला नमुन्यात तीन-चार फेऱ्या तरी माराव्या लागतात.

मग मी मांडवीजवळच्या एका कंसाऱ्याकडून तांब्याच्या पत्र्याचा तुकडा आणला, वर्कशॉपमध्ये पंचाने लहान चकत्या पाडल्या, तापवून नरम केल्या. स्ट्रायकर जिथे आदळतो त्या तोंडावर ग्रीसचा ठिपका आणि त्यावर चकती. चकती चेपते, पल्स सावकाश चढते. शॉट झाल्यावर ती बशीसारखी पसरून खाली पडलेली असायची. शिखर गेलं. इन्सिडंट (नमुन्याकडे येणारी लाट) आणि रिफ्लेक्टेडची चिन्हासकट बेरीज, म्हणजे अलीकडच्या टोकावरचा जोर, ट्रान्समिटेडवर, म्हणजे पलीकडच्या टोकावरच्या जोरावर, ठेवून बघितली, दोन्ही रेघा जुळल्या. आणि यील्डचा आकडा खाली आला. 6061 स्ट्रेन रेटला फारसं दादच देत नाही, मग तो खाली यायलाच हवा होता. माइल्ड स्टील असतं तर गोष्ट वेगळी, त्याचं यील्ड या वेगाला जवळपास दुप्पट होतं.

सर म्हणाले, "अरे, हा डेटाला मेकअप आहे. मधे तांबं घातलंस तर तांब्याचीच टेस्ट झाली ना?" आता काय बोलणार! चकती स्ट्रायकर आणि दांड्याच्या मध्ये आहे, नमुन्याजवळ नाही. इन्सिडंट लाट दांड्यावर चिकटवलेल्या स्ट्रेन गेजने मोजली जाते ती चकतीच्या पुढे. चकतीने काय केलं ते त्या मोजणीत आधीच आलेलं असतं. हे तेव्हाही सांगितलं होतं. शिखरवालाच आलेख पेपरात गेला, माझं नाव मी काढून घेतलं.

तर तुम्ही चकती वापराच, आणि दोन्ही टोकांचे आलेख रिपोर्टात छापा. ज्या पेपरात ते नाहीत त्यातला यील्डचा आकडा मी तरी धरत नाही. बारवरून इलॅस्टिक मॉड्युलस (धातूच्या ताठरपणाचा आकडा) काढायला कोणी सांगितलं तर नाही म्हणा. आलेखाच्या त्या सुरुवातीच्या भागात दोन्ही टोकांचा समतोल आलेलाच नसतो.

हां, यूटीएम अगदीच सोडू नका, तुलनेला संथ वेगाचा आलेख त्यावरचाच लागतो. नमुन्याच्या दोन्ही तोंडांना ग्रीस विसरू नका, नाहीतर घर्षणानेच स्ट्रेस वाढलेला दिसेल. आणि हे सगळं धातूंपुरतं. रबर, फोमसाठी पोलादी दांडे चालत नाहीत, ट्रान्समिटेड सिग्नल दिसतच नाही.

पहिल्या शिखराचं काय करायचं, हे गाइडना आधीच विचारून घ्या. "पेपरात टाकू" म्हणाले तर गाइड बदलायचं पहिल्या सेमिस्टरलाच बघा, तिसऱ्यात कोणी घेत नाही.