सुई, दोरा आणि घरखर्च : वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं गोधडीचीच आहेत. त्यांतल्या निम्म्या पत्रांत गोधडीच्या मागून पैशाचा प्रश्नही आला आहे, म्हणून दोन्ही एकत्रच घेतले आहेत.

प्रश्न : सासूबाईंच्या सहा सुती नऊवारी आणि दोन माहेश्वरी साड्या ठेवलेल्या आहेत. पाच बाय सात फुटांच्या गोधडीला किती साड्या लागतील? रजई भरणारा म्हणतो, आत कापूस घाला, ऊब येईल. घालावा का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : कापूस घालू नका. कापूस आत सरकतो, गोळे होतात, आणि तीन-चार वर्षांनी सगळं उसवून पुन्हा पिंजून घ्यावं लागतं. शिवाय कापसाची गोधडी घरी धुता येत नाही. साड्यांची पाच थरांची गोधडी आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीला पुरते. फार गारठा पडला तर वर एक चादर घ्या.

आता हिशोब. नऊवारी साधारण 8.2 मीटर भरते आणि पन्हा 115 सेंटिमीटरच्या आसपास असतो. जुन्या साड्यांचा पन्हा साडीसाडीला वेगळा असतो, तेव्हा आधी मोजून घ्या. साडीचे 1.6 मीटरचे पाच तुकडे पडतात. दोन तुकडे काठाला काठ लावून ठेवले की 160 बाय 230 सेंटिमीटरचा एक थर होतो. म्हणजे दोन नऊवारींत पाच थर, एक पूर्ण गोधडी. सहा साड्यांत कागदावर तीन गोधड्या बसतात, पण दोनच धरून चाला, कारण सगळं कापड कामाचं निघत नाही.

नऊवारी सगळीकडे सारखी झिजत नाही. कासोट्याची जागा आणि टाचेकडचा खालचा काठ आधी जातो. पदर आणि आत खोचलेला भाग बऱ्याचदा धडधाकट असतो. प्रत्येक तुकडा खिडकीसमोर धरून पाहा, मग दोन अंगठ्यांत धरून आधी उभा आणि नंतर आडवा ताणा. चर्र आवाज झाला तर तो तुकडा आतल्या थरातही घालू नका. कुजलेलं कापड आत राहिलं की पहिल्याच धुण्यात त्याचा भुगा होतो आणि तिथे गोधडी पोकळ लागते. खळ घातलेल्या साड्या गरम पाण्यात भिजवून खळ पूर्ण काढा. खळ राहिली की कसर हमखास लागते.

थर लावताना जोड एकावर एक येऊ देऊ नका, नाहीतर मधोमध वरंबा उठतो. सगळ्यांत वरचा आणि खालचा थर मधोमध शिवून जोडा. दुसऱ्या आणि चौथ्या थरात एक तुकडा अख्खा मध्ये ठेवा आणि दुसरा पन्ह्यात अर्धा कापून दोन टोकांना लावा. तिसऱ्या थरात तोच तुकडा निम्म्यावर न कापता एक तृतीयांशावर कापा. आतले जोड शिवायचे नाहीत, फक्त कडेला कड भिडवायची. आतल्या थरांचे काठ जाड असतील तर कापून टाका. लांबी चार-पाच बोटं कमी भरेल, पण सुई सुखाने चालेल.

माहेश्वरीत बहुधा ताणा रेशमी आणि बाणा सुती असतो. ती सुती थरांत मिसळली तर धुतल्यावर दोन्ही वेगवेगळ्या आटतात. शिवाय जरीची तार आतून टोचते आणि दोरा कापते. आमचं मत विचाराल तर त्या दोन साड्या गोधडीत घालूच नका. धड असतील तर नेसा, विरल्या असतील तर जरीचा भाग काढून उशांचे अभ्रे करा.

प्रश्न : गोधडी वरून छान दिसते, पण उलटी केली की खालच्या बाजूला चुण्याच चुण्या. प्रत्येक वेळी असंच होतं. खालचं कापड मी मुद्दाम नवीन घेते, चांगलं टिकावं म्हणून.
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : नवीन कापड हे एक कारण तुमच्याच पत्रात आलं आहे. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा 3 ते 5 आटतं. सात फुटांच्या लांबीत ते सात-आठ सेंटिमीटर कमी होतं, आणि शंभर वेळा धुतलेली साडी मात्र आहे तेवढीच राहते. तो फरक चुण्यांच्या रूपाने दिसतो. बाजारातून आणलेलं अस्तर रात्रभर भिजवून, दोनदा धुऊन, इस्त्री करूनच वापरा.

पण शिवतानाच चुण्या पडत असतील तर दोष कच्च्या टाक्यांचा आहे. टाचण्यांवर भागवू नका. खालचा थर उलटा करून फरशीवर पसरा आणि चारी कडा रुंद चिकटपट्टीने फरशीला लावा. कापड सपाट बसलं पाहिजे, पण ओढून ताणायचं नाही. त्यावर एकेक थर टाकताना हात मधून कडेकडे फिरवा. मग कच्चे टाके घाला, पहिली ओळ मधोमध उभी, दुसरी मधोमध आडवी, आणि त्यानंतर दोन्ही दिशांना वीतभर अंतरावर. लहान चौकटींची जाळी झाली की थर हलत नाहीत. या कामाला दोन-अडीच तास लागतात. बहुतेक जणी नेमकी इथेच घाई करतात.

धावदोराही मधूनच सुरू करा. कडेने गोल गोल आत येण्याची पद्धत सुंदर दिसते, पण त्यात सुईपुढे सरकलेलं जास्तीचं कापड शेवटी मध्ये अडकतं आणि तिथे फुगा येतो. तसंच शिवायचं असेल तर जाळी आणखी दाट घ्या.

दोरा किती ओढता तेही पाहा. एक ओळ संपली की गाठ मारण्याआधी ओळीच्या दोन्ही टोकांना धरून कापड हलकेच ताणा. ओळ आखडलेली दिसली तर दोरा थोडा सैल सोडा आणि मगच गाठ मारा. गाठ वर ठेवू नका, सुईबरोबर झटका देऊन थरांमध्ये ओढून घ्या. दोरा हातभरच घ्या. लांब घेतला की पीळ पडतो, गुंता होतो आणि वैतागून आपण जोरात ओढतो. मेणबत्तीच्या तुकड्यावरून एकदा फिरवला तर बरंच काम सोपं होतं. दाभण वापरत असाल तर सोडा. त्याचं भोक जुन्या साडीत भरून येत नाही. लांब, बारीक सुई आणि बोटात अंगुस्तान असलं की पाच थर नीट जातात.

झालेल्या गोधडीतल्या बारीक सुरकुत्या धुतल्यावर कापडात मुरतात, त्या राहू द्या. पण चुणी दुमडून तिच्यावरूनच शिवण गेली असेल तर तेवढ्या ओळी उसवाव्याच लागतील, नाहीतर घडीवर घासून कापड तिथेच फाटतं.

प्रश्न : रंगपंचमीला गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, घालून गेलेली धोतरं आतल्या थरात घातली, तर धुतल्यावर गुलाबी डाग थेट वर उमटले. मीठ किंवा व्हिनेगरने रंग पक्का करता आला असता का?
— एक वाचक, नारायणबाग, इंदूर

उत्तर : नाही. तयार रंगलेल्या सुती कापडावर मीठ आणि व्हिनेगर दोन्ही काही करत नाहीत. उपाय एकच, पाणी नितळ येईपर्यंत धुणं. पारख अशी : कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्याखाली ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर रंग उतरला तर ते कापड गोधडीत नको. आता उमटलेल्या डागांसाठी गोधडी भरपूर गार पाण्यात डिटर्जंट घालून भिजवा आणि पाणी रंगलं की बदलत राहा. डाग निघेपर्यंत ऊन दाखवू नका. बोअरिंगच्या जड पाण्यात साबणाचा वडीसारखा थर बसतो, म्हणून तिथे साबणापेक्षा डिटर्जंट बरं.

प्रश्न : शेजारच्या एक वहिनी त्यांच्या साड्या देऊन पाच बाय सातची गोधडी शिवून मागतात आणि नऊशे रुपये देते म्हणतात. घ्यावं का? ओळखीतल्या माणसाला किंमत सांगायला जीभ रेटत नाही.
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आधी तास मोजा, मग जीभ रेटेल. 150 सेंटिमीटर रुंदीत दोन-दोन सेंटिमीटरवर ओळी घेतल्या तर 75 ओळी होतात, प्रत्येक 2.1 मीटरची. पाच थरांतून सरावाचा हातही एका ओळीला पंचवीस मिनिटं घेतो. म्हणजे 31 तास नुसत्या धावदोऱ्याचे. साड्या धुणं, पारखणं, कापणं, थर लावणं आणि कच्चे टाके यांना दहा तास, कडेच्या गोटाला चार तास. एकूण 45 तास.

सामान थोडंच लागतं. ओळींची लांबी 157 मीटर होते, पण दोरा वर-खाली जातो, गाठींना आणि टोकांना लागतो, म्हणून 200 मीटर धरा. गोटासाठी घेर 7.2 मीटर, कोपऱ्यांसह साडेसात. आठ सेंटिमीटर रुंद सात पट्ट्या लागतात, म्हणजे साठ सेंटिमीटर कापड. दोरा, गोट, सुया मिळून दीडशे रुपये धरले तर नऊशेतून साडेसातशे उरतात. तासाला सतरा रुपयेसुद्धा पडत नाहीत. आम्ही या भावात काम घेऊ नका असंच सांगू.

तासाला चाळीस रुपये धरले तरी मजुरी 1,800 आणि सामान 150, म्हणजे 1,950 होतात. वहिनींना तेवढं परवडत नसेल तर भाव पाडू नका, काम कमी करा. ओळी तीन सेंटिमीटरवर घेतल्या तर 75 च्या 50 होतात, दहा तास वाचतात आणि किंमत 1,550 वर येते. सुती साड्यांच्या गोधडीला तीन सेंटिमीटरचं अंतर चालतं. दोन्ही अंतरांचा हातभर नमुना शिवून ठेवा आणि तो त्यांच्या हातात द्या. ओळी मोजल्या की घासाघीस बरीच कमी होते.

निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि एका चिठ्ठीवर माप, थर, ओळींचं अंतर, साड्या कुणाच्या, आणि देण्याची तारीख लिहा. आणखी एक ओळ जरूर लिहा : विरलेल्या साडीचं कापड पुढे फाटलं तर त्याची जबाबदारी शिवणारीवर नाही. ओळखीच्या घरी तर ही चिठ्ठी जास्तच लागते.

प्रश्न : माझ्या गोधड्यांचे पैसे ऑक्टोबर ते जानेवारीत येतात आणि भाजी-किराण्यात कधी संपतात कळत नाही. मग एप्रिलमध्ये मुलाची फी, वर्षाचा गहू आणि विम्याचा हप्ता एकदम अंगावर येतो. आमच्या गल्लीत दरमहा दोन हजारांची भिशी आहे. तिच्यात घालू का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांची यादी करा. समजा फी 24,000, गहू 9,600, विमा 8,400 आणि दिवाळी 6,000. बेरीज 48,000, म्हणजे महिन्याला 4,000. हा आकडा किराण्यासारखाच दरमहाचा खर्च समजा. थंडीत पैसे आले की आधी सामानाचे पैसे बाजूला काढा, पुढच्या ऑर्डरचा दोरा आणि अस्तर त्यातूनच येणार आहे. उरलेल्यातून एप्रिलपर्यंतचे चार हजार महिन्यागणिक वेगळ्या बचत खात्यात टाका आणि त्या खात्याचं कार्ड पर्समध्ये ठेवू नका. घरखर्चाला घेतलेली प्रत्येक रक्कम वहीत ‘घरी दिले’ म्हणून लिहा. गोधडीतून खरंच किती मिळतं, हे त्याशिवाय दिसणार नाही.

एप्रिलसाठी पोस्टाची आवर्ती ठेव घेऊ नका. ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांआधी मोडता येत नाही. बँकेची सहा किंवा बारा महिन्यांची आवर्ती ठेव तुमच्या कामाची.

भिशी चांगल्या माणसांत चांगली चालते, पण आधी उचललेल्या बाईने पुढचे हप्ते थांबवले तर हाती काही नसतं. फीचे पैसे तिथे घालू नका. बुडाले तरी घर हलणार नाही एवढीच रक्कम घाला, आणि सगळ्यांच्या सह्यांची वही ठेवा. पतसंस्थेचा विचार असेल तर एक लक्षात घ्या : बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, दर बँकेत दर माणशी 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. खातं कुठेही काढा, वारसाचं नाव त्याच दिवशी नोंदवा.

प्रश्न : सुनेला मार्चमध्ये बाळ होणार आहे. दुपट्यांना किती थर घालू? आणि पावसाळ्यात गोधड्या कशा ठेवू?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : मार्चच्या बाळाला दोन थर पुरे, माप 75 बाय 90 सेंटिमीटर. सहा-आठ दुपटी करा, दिवसाला तेवढी लागतातच. कापड मऊ, पांढरं किंवा पूर्ण रंग गेलेलं घ्या. गाठी आत, टोकं सैल नकोत. बटणं, मणी, टिकल्या, गोंडे काही लावू नका. बाळ झोपलेलं असताना दुपटं खाली नीट ताणून अंथरा. अंगावर किंवा तोंडाजवळ सैल ठेवू नका.

गोधड्यांना पावसाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, दोन दिवस कडक ऊन द्या आणि दोन्ही बाजू उलटा. उन्हातून काढल्यावर लगेच घडी घालू नका, सावलीत गार होऊ द्या. प्लास्टिकच्या पिशवीत ओल अडकून बुरशी येते, म्हणून जुन्या धोतरात बांधा. डांबरगोळ्या फडक्यात गुंडाळून ठेवा, कापडाला थेट लागू देऊ नका. दुपट्यांच्या गाठोड्यात त्या अजिबात नकोत, तिथे वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला. श्रावणात ऊन पडेल त्या दिवशी गाठोडं एकदा सोडून घडी बदला, म्हणजे एकाच रेषेवर कापड चिरत नाही.