वाचकांचे प्रश्न : लिनक्सवरचा प्रोग्रॅम विंडोजवर कसा न्यावा?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत दुकानात मी हिशेबाचे काम पाहतो. घरी माझ्याकडे उबुंटू (लिनक्स) असून त्यावर मी सी भाषेत एक छोटा कमांड-लाइन प्रोग्रॅम लिहिला आहे. रोजच्या सौद्यांच्या टेक्स्ट फाइली त्याला दिल्या की तो शेतकरीनिहाय पोती, वजन आणि रक्कम यांची बेरीज काढतो. दुकानातील संगणकावर विंडोज १० आहे, इंटरनेट नाही आणि त्यावर मोठे काही बसवू देण्यास मालक तयार नाहीत. उबुंटूवर तयार झालेली फाइल पेन ड्राइव्हवरून नेली, ती चालली नाही. भावाच्या विंडोज लॅपटॉपवर सिगविनमध्ये कंपाइल केलेली फाइल तेथे चालली, पण दुकानात ‘सिगविन१.डीएलएल सापडत नाही’ असा संदेश आला. मिंगडब्ल्यू हा थेट विंडोजची फाइल बनवणारा कंपायलर ‘फोर्क’वर अडते. फोर्कच्या ओळी तात्पुरत्या काढल्या तेव्हा प्रोग्रॅम तयार झाला, परंतु ‘राजापुरी’ नावाची फाइल देताच नावाच्या जागी आठ प्रश्नचिन्हे उमटली आणि फाइल उघडली नाही. काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : लिनक्सवर चालणारी फाइल ‘ईएलएफ’ या रचनेत असते आणि विंडोजला ‘पीई’ रचना लागते, पण केवळ रचना बदलूनही भागत नाही, कारण फाइल उघडणे, मेमरी मागणे, नवी प्रोसेस सुरू करणे ही कामे प्रोग्रॅम ज्या पद्धतीने सिस्टिमकडून करून घेतो, ती पद्धतच दोन्हीकडे वेगळी आहे. त्यामुळे पेन ड्राइव्हवरून नेण्याजोगा असतो तो सोर्स कोड, म्हणजे आपण लिहिलेला मूळ मजकूर. तयार फाइल विंडोजसाठी निराळी करावी लागते.

१९९५ मध्ये सिग्नस सोल्यूशन्स या कंपनीत सुरू झालेले सिगविन यावर दुभाष्याची सोय करते. आपला प्रोग्रॅम लिनक्सच्याच भाषेत बोलत राहतो आणि सिगविन१.डीएलएल ही फाइल ते बोलणे विंडोजला समजावते. आपण प्रोग्रॅम दुकानात नेलात, दुभाषा मात्र भावाच्या लॅपटॉपवरच राहिला. सिगविनच्या ‘बिन’ फोल्डरमधील ही डीएलएल प्रोग्रॅमशेजारी ठेवली तर तो संदेश जाईल आणि फोर्कलाही हात लावावा लागणार नाही. तरीही आपल्या कामासाठी हा मार्ग मी सुचवणार नाही. फोर्क म्हणजे चालू प्रोसेसची हुबेहूब दुसरी प्रत काढणे. लिनक्स ही प्रत काढताना मेमरी लगेच नक्कल करत नाही, जेथे बदल होईल तेवढाच भाग वेगळा करतो. विंडोजच्या नेहमीच्या प्रोग्रॅमांना अशी सोयच नसल्याने सिगविन नवी प्रोसेस सुरू करून तिच्यात जुनीची मेमरी उतरवून घेते, आणि हा खटाटोप फार संथ आहे.

खरे तर आपल्या प्रोग्रॅमला फोर्कची गरजच दिसत नाही. दिवसाला एक याप्रमाणे वर्षाच्या साडेतीनशेच्या आत फाइली, त्याही लहान. त्या एकामागून एक वाचल्या तरी आजच्या संगणकाला क्षणभरही लागू नये. त्या ओळी आपण तात्पुरत्या काढल्या आहेत, त्या कायमच्या काढाव्यात. मग मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४ पुरते, आणि तेही उबुंटूवरच: ‘जीसीसी-मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४’ हे पॅकेज बसवले की ज्याच्या नावाच्या शेवटी ‘मिंगडब्ल्यू३२-जीसीसी’ येते असा कंपायलर मिळतो. नावातील ३२ या आकड्याने बिचकू नये. नावाच्या सुरुवातीला एक्स८६_६४ असलेला कंपायलर ६४ बिटचीच फाइल बनवतो. कंपाइल करताना ‘-स्टॅटिक’ हा पर्याय द्यावा, म्हणजे कंपायलरच्या मदतीच्या लायब्ररी आतच सामावल्या जाऊन एकच ईएक्सई फाइल दुकानात न्यावी लागेल.

आता ती आठ प्रश्नचिन्हे. ‘राजापुरी’ या शब्दात आपण अक्षरे चार मोजतो, परंतु युनिकोडमध्ये काना, उकार आणि वेलांटी यांना स्वतंत्र क्रमांक असल्याने संगणकाच्या लेखी ती आठ चिन्हे होतात. विंडोज स्वतः फाइलींची नावे युनिकोडमध्येच ठेवते. मात्र साध्या ‘मेन’ फंक्शनने सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमला ती देताना सिस्टिमच्या जुन्या कोड पेजमध्ये, म्हणजे ठरावीक अक्षरांच्या तक्त्यात, बदलून देते. आपल्याकडील संगणकांवर हे कोड पेज बहुधा १२५२, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांचे असते आणि त्यात देवनागरी नाही. जे चिन्ह बसत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह येते. विंडोजमध्ये फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही, तेव्हा अशी फाइल उघडणार कोठून?

यावर एक उपाय म्हणजे ‘मेन’ऐवजी ‘डब्ल्यूमेन’ आणि ‘एफओपन’ऐवजी ‘_डब्ल्यूएफओपन’ वापरणे. तो खात्रीचा आहे, पण मग लिनक्ससाठी आणि विंडोजसाठी दोन प्रकारे कोड सांभाळावा लागतो. दुसरा उपाय मला अधिक सोयीचा वाटतो: विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून प्रोग्रॅमसोबत एक लहानशी मॅनिफेस्ट फाइल जोडून त्यात ‘अ‍ॅक्टिव्ह कोड पेज’ यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची एक पद्धत) असे लिहिता येते. ही एक्सएमएल फाइल ‘विंडरेस’ या साधनाने ऑब्जेक्ट फाइलमध्ये बदलून प्रोग्रॅमशी लिंक करावी; सी कोडची एकही ओळ बदलावी लागत नाही. दुकानातील आवृत्ती कोणती हे ‘विनव्हर’ टाइप केल्यावर दिसेल. एवढे करूनही काळ्या खिडकीत मराठी मजकूर विस्कटलेला दिसू शकतो. त्यासाठी आधी ‘सीएचसीपी ६५००१’ ही कमांड द्यावी आणि जोडाक्षरे तरीही तुटत असतील तर आउटपुट फाइलमध्ये वळवून नोटपॅडमध्ये वाचावे.

पत्रात आपण विचारलेले नाही, पण पुढे नक्की अडेल असे एक सांगतो. विंडोजवर ओळीच्या शेवटी दोन चिन्हे असतात, लिनक्सवर एक. दुकानातील फाइल घरी उबुंटूवर वाचली तर ते जादा चिन्ह शेवटच्या रकान्याला चिकटते. हा रकाना गावाचा असेल तर एक ‘तासगाव’ आणि शेवटी न दिसणारे चिन्ह असलेले दुसरे ‘तासगाव’ अशी दोन गावे होऊन बेरीज दुभंगते, आणि पडद्यावर दोन्ही सारखीच दिसत असल्याने चूक शोधण्यात अख्खी दुपार जाते. ओळ वाचताच शेवटची ही चिन्हे छाटण्याची सवय लावावी.

प्रश्न : मी साताऱ्यात संगणकशास्त्र शिकवतो. विद्यार्थ्यांनी विंडोज ११ वर एमसिस२ हा लिनक्ससारख्या साधनांचा संच बसवला आहे, परंतु बॅच फाइलमधून फाइली शोधणारी ‘फाइंड’ कमांड दिली की तिच्या पर्यायांनाच हरकत घेतली जाते. त्यापेक्षा डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय, बरे का?
— एक प्राध्यापक, सातारा

उत्तर : विद्यार्थ्यांना मिळते ती ‘फाइंड’ एमसिस२ ची नाहीच. डॉसच्या काळापासून याच नावाची, पण फाइलीतील मजकूर शोधणारी कमांड विंडोजमध्ये आहे, आणि पाथमध्ये, म्हणजे कमांड ज्या फोल्डरांत क्रमाने शोधली जाते त्या यादीत, सिस्टिम३२ फोल्डर सहसा आधी येत असल्याने तीच चालते. ‘सॉर्ट’चेही तसेच. बॅच फाइलमध्ये एमसिस२ च्या कमांडचा पूर्ण पाथ लिहावा.

डब्ल्यूएसएल २०१६ मध्ये आले आणि २०१९ पासून त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत खरा लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) चालतो, त्यामुळे लिनक्सची साधने कंपाइल न करता जशीच्या तशी वापरता येतात. शिकवण्यासाठी ते उत्तम. फक्त विद्यार्थ्यांनी आपले काम सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवावे, अन्यथा फाइली वाचण्यात फार वेळ जातो. मात्र ज्याच्याकडे डब्ल्यूएसएल नाही अशा मित्राला देण्यासाठी ईएक्सई हवी असेल, तर एमसिस२ मधील ‘यूसीआरटी६४’ ही खिडकी उघडून तेथे कंपाइल करण्यास सांगावे. शेजारची ‘एमसिस’ नावाची खिडकी उघडली, तर तयार होणारी फाइल सिगविनसारखीच स्वतःची डीएलएल मागते.