गुरूंचा शब्द आणि निवृत्तीच्या पैशांतलं पंधरा लाखांचं दान

प्रश्न थोडक्यात असा: वाचक ५८ वर्षांचे, खासगी कंपनीतून ३१ ऑक्टोबरला निवृत्त होणार. पीएफचे ५२ लाख आणि ग्रॅच्युइटीचे १४ लाख मिळतील. एफडी व म्युच्युअल फंडात मिळून २२ लाख आहेत. घर स्वतःचं, कर्ज नाही. ईपीएसचं पेन्शन महिना ५,००० रुपये. घरखर्च ३२,०००. पत्नी ५३ वर्षांच्या, गृहिणी. मुलीच्या शिक्षणाचे ५ लाख अजून द्यायचे आहेत. गेली अनेक वर्षं ते एका मठाचे अनुग्रहित आहेत. भक्तनिवासासाठी १५ लाख द्यावेत, असा गुरूंचा, म्हणजे मठाच्या महाराजांचा, निरोप सेवेकऱ्यांमार्फत आला आहे. शिवाय ५ लाख मठाकडे 'ठेव' म्हणून ठेवले तर वर्षाला १२ टक्के 'प्रसाद' मिळेल, असंही सुचवलं आहे. बाकीची रक्कम अक्षय्य तृतीयेपर्यंत कुठे गुंतवू नये आणि आरोग्य विम्याच्या भानगडीत पडू नये, हेही त्यात आलं. पत्नीला अजून काही सांगितलेलं नाही. ते विचारतात, "श्रद्धा ठेवून हे करावं की हिशेब करावा?"

सप्रेम नमस्कार,

आधी हिशेब करा. तो झाला की श्रद्धेला किती द्यायचं हे तुम्हाला मोकळ्या मनाने ठरवता येईल.

तुमचे एकूण ८८ लाख होतात. मुलीचे ५ लाख आणि अडीअडचणीसाठी ३ लाख बाजूला काढले की ८० लाख उरतात. घरखर्चात आरोग्य विम्याच्या हप्त्याचे महिना ३,००० मी मिळवले आहेत, म्हणजे ३५,००० झाले. करानंतर ८ टक्के परतावा, महागाई ६ टक्के आणि पेन्शन आहे तेवढंच राहणार, असं धरलं तर हे ८० लाख साधारण २६ वर्षं पुरतात. म्हणजे तुमच्या ८४ व्या वर्षापर्यंत. १५ लाख दिले तर उरलेले ६५ लाख २० वर्षांत संपतात. तेव्हा तुम्ही ७८ चे असाल आणि वहिनी ७३ च्या.

करानंतर ८ टक्के हा आकडा तसा उदारच आहे. निदान पाव रक्कम इक्विटी (शेअर बाजारात गुंतवणाऱ्या) फंडात ठेवल्याशिवाय तो पदरात पडत नाही. ७ टक्केच मिळाले तर दान न करताही पैसे ८१ व्या वर्षी संपतात, आणि दान केलं तर ७६-७७ व्या वर्षी. आजचे ३५,००० हे ६ टक्के महागाईने १२ वर्षांत ७०,००० होतात, पुढच्या १२ वर्षांत १ लाख ४० हजार. म्हणून शेवटची वर्षं इतकी महाग पडतात. ती वर्षं बहुतेक वहिनींच्या वाट्याला येणार आहेत, आणि १५ लाखांची गोष्ट त्यांनाच माहीत नाही. ज्या पैशांवर दोघांचं म्हातारपण उभं आहे, त्यातला सहावा हिस्सा एकाच्या शब्दावर देणं मला पटत नाही, मग तो कितीही चांगल्या कामाला जात असो.

तेव्हा १५ लाख आत्ता देऊ नका. मात्र काहीच देऊ नका, असंही मी म्हणणार नाही. २ लाख दिलेत तर निधी सुमारे दहा महिने लवकर संपेल. हे दोघांना चालत असेल तर खुशाल द्या, पण पीएफला हात न लावता एफडीतून द्या. निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षं अर्धवेळ काम मिळालं तर त्या कमाईतला ठरावीक हिस्सा मठाला द्या. त्याने मूळ रक्कम शाबूत राहते. मोठी देणगी मृत्युपत्रातून द्या. दोघांनी आपापलं मृत्युपत्र करावं: आधी जोडीदाराला, दोघांच्या पश्चात अमुक हिस्सा संस्थेला, बाकी मुलीला. साध्या कागदावरही ते चालतं, स्टॅम्प ड्युटी लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. दोन साक्षीदार मात्र हवेत, आणि ते लाभार्थी नसावेत, म्हणजे मठाचा विश्वस्त किंवा मुलगी साक्षीदार नको. संस्थेचं नाव धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असेल तसंच, नोंदणी क्रमांकासह लिहा. 'महाराजांच्या मठाला' एवढंच लिहिलं की पुढे वाद होतात. विचार बदलला तर मृत्युपत्र बदलता येतं. दिलेली देणगी परत मागता येत नाही.

करसवलतीच्या आशेवर आकडा वाढवू नका. ज्याला सगळे ८०जी म्हणतात ती सवलत नव्या करप्रणालीत मिळत नाही. जुन्या प्रणालीतही अशा संस्थांसाठी बहुधा देणगीच्या निम्मीच वजावट मिळते, आणि पात्र देणगीला उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा असते. निवृत्तीनंतर तुमचं उत्पन्न ६ लाख धरलं तर १५ लाखांपैकी फक्त ६०,००० मोजले जातील आणि वजावट ३०,००० ची मिळेल. दोन हजारांवरची रोख देणगी तर धरतच नाहीत. शिवाय प्रत्येक धार्मिक संस्थेकडे ही मान्यता असतेच असं नाही.

आता 'ठेव'. याला सरळ नाही म्हणा. वर्षाला ठरलेले १२ टक्के आणि मुद्दल परत, हे ज्यात आहे त्याला प्रसाद म्हटलं काय किंवा आणखी काही म्हटलं काय, ती ठेवच. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ पासून आहे. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विश्वस्त संस्थेला कर्ज उभारायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. सेवेकऱ्यांकडे ती परवानगी आणि ताजा लेखापरीक्षण अहवाल मागा. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं, इथे ते नाही. आणि अडलंच तर गुरूंच्या दारात वसुलीला जाणं तुमच्याने होणार नाही. अशा ठिकाणी पैसे अडकतात ते मुख्यतः या भिडेपोटी. मठाला देणगीच द्या, नाहीतर काहीच देऊ नका.

अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबण्यात एक अडचण आहे, जी निरोप पाठवणाऱ्यांच्या बहुधा लक्षात आलेली नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं एरवी साठीनंतर उघडतं. ५५ ते ६० या वयात निवृत्त होणाऱ्याला ते निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत उघडावं लागतं. पैसे नोव्हेंबरच्या मध्याला आले तर मुदत फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. वैशाखापर्यंत थांबलात तर ती टळेल आणि साठी पूर्ण होईपर्यंत हे दार बंद राहील. २०२५-२६ मध्ये या योजनेचा दर ८.२ टक्के होता. ३० लाखांच्या कमाल रकमेवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये हातात येतात. तेच पैसे सहा महिने बचत खात्यात पडून राहिले तर ७५ ते ८५ हजारांचं व्याज बुडतं. साडेतीन मुहूर्तांपैकी एकही डिसेंबर ते फेब्रुवारीत येत नाही, हे खरं. पण चांगला दिवस या तीन महिन्यांतलाच काढून द्या, अशी विनंती करता येते. पंचांगात दिवसांना तोटा नाही.

विम्याचं सगळ्यात निकडीचं. तुमचं संरक्षण कंपनीच्या समूह पॉलिसीचं असेल तर ते नोकरीबरोबरच संपतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे सप्टेंबरच्या मध्याआधीच एचआरकडे विचारा आणि अर्ज करा. तसं गेलात तर आधीच्या वर्षांची सलगता सांभाळता येते. खंड पडला तर मधुमेह-रक्तदाबासारख्या आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षा काळ नव्याने सुरू होऊ शकतो, आणि साठीच्या उंबरठ्यावर कंपनी अर्ज नाकारूही शकते.

आता महाराजांशी कसं बोलायचं. तुमच्यापर्यंत आला आहे तो निरोप, तोही मधल्या माणसांकरवी. महाराजांना तुमच्या ८८ लाखांतलं किती कशासाठी बांधलेलं आहे, हे कुणी सांगितलं असण्याची शक्यता कमी. वहिनींना बरोबर घेऊन स्वतः भेटा आणि वरचे आकडे एका कागदावर मांडून न्या. द्यावं की नाही, कोणत्या भावनेने द्यावं, निवृत्तीनंतरचा वेळ सेवेत कसा घालवावा, हे जरूर विचारा, तो त्यांचा अधिकार आहे. रक्कम किती, कोणत्या खात्यातून, केव्हा, हे मात्र ठरवून जा आणि सांगा: "आज २ लाख देतो, बाकीची तरतूद मृत्युपत्रात करतो." बहुतेक ठिकाणी हे समजून घेतलं जातं. कागद पाहून कुणी रागावलं, प्रकोपाची भीती घातली किंवा बायकोला न सांगता द्या म्हणालं, तर ते २ लाखही थांबवा.