कंपनीच्या राउटरला स्वतःचा राउटर जोडताना

प्रश्न : ब्रॉडबँड कंपनीच्या राउटरला मी स्वतःचा राउटर जोडला. इंटरनेट चालते, पण घरचा कॅमेरा बाहेरून दिसत नाही. काय करावे?

उत्तर : दोन्ही राउटर स्वतंत्रपणे नॅट (म्हणजे आतील सर्व उपकरणांसाठी बाहेर एकच पत्ता वापरणे) करत असल्यामुळे बाहेरून येणारी जोडणी पहिल्याच राउटरपाशी अडते. कंपनीच्या राउटरमध्ये ब्रिज मोड (यात तो राउटर नॅट न करता जोडणी फक्त पुढे पाठवतो) असल्यास तो सुरू करावा, म्हणजे कंपनीने दिलेला आयपी पत्ता (इंटरनेटवरील पत्ता) थेट तुमच्या राउटरला मिळेल. मात्र लँडलाइन फोन त्याच राउटरला जोडलेला असेल तर तो बंद पडू शकतो, म्हणून कंपनीला आधी अवश्य विचारावे. ब्रिज मोड नसल्यास तुमचा राउटर ॲक्सेस पॉइंट (नॅट न करता फक्त वाय-फाय पुरवणारे उपकरण) म्हणून वापरणे मला अधिक योग्य वाटते. त्यासाठी त्याचे डीएचसीपी (उपकरणांना आपोआप आयपी पत्ते देणारी सोय) बंद करावे, कंपनीच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्यावा आणि कंपनीच्या राउटरकडून येणारी केबल वॅनऐवजी (इंटरनेटसाठीच्या पोर्टऐवजी) लॅन (घरातील उपकरणांसाठीच्या) पोर्टमध्ये लावावी. कॅमेऱ्यासाठी लागणारे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी जोडणी ठरावीक उपकरणाकडे वळवणे) मग कंपनीच्या राउटरवरच करावे.